तीन बाटल्या, एकच दार

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका तरुण काजू बागायतदाराचा हा प्रश्न. आधी तो थोडक्यात देतो.

"नोकरी सोडून वडिलांची काजूची बाग हातात घेतली. पहिल्या वर्षी लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन मारलं, ढेकण्या किडा साफ झाला. दुसऱ्या वर्षी दुकानदारानं सायपरमेथ्रिन दिलं. तिसऱ्या वर्षी प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं मिश्रण. यंदा फरकच पडत नाही. काही किडे उलटे पडतात आणि तासाभरानं उठून चालू लागतात. ही औषधं किड्याच्या मज्जातंतूंवर काम करतात असं ऐकलंय. म्हणजे नेमकं काय करतात? आणि आमच्या मज्जातंतूंचं काय?"

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य दुकानदाराबद्दलचं नाही, उठून चालणाऱ्या किड्याबद्दलचं आहे. तीस वर्षं पीक संरक्षणात काढली, त्यातली बरीचशी पेडणे, डिचोली आणि सत्तरीत. औषध मारल्यावर किडा कसा पडतो ते बघणारा शेतकरी मला क्वचितच भेटला. सगळे मेलेले मोजतात. पण किडा ज्या रीतीनं मरतो त्यावरून औषधानं आत कुठलं दार धरलंय ते बऱ्यापैकी ओळखता येतं. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी हे दाखवायला श्रीखंडाचा रिकामा डबा वापरतो. त्यात काजूची कोवळी पालवी ठेवायची, तुमच्या पंपातलंच पाणी तिच्यावर मारायचं, वाळू द्यायचं आणि दोन-चार ढेकण्ये सोडून झाकणाला जाळी बांधायची. हा किडा तुम्ही ओळखताच. आपल्याकडे त्याला सरसकट टी मॉस्किटो म्हणतात, पण तो डासांतला नाही, ढेकणांच्या भाऊबंदांतला. लालसर-काळं अंग, अंगाहून लांब मिशा आणि पाठीवर टाचणी टोचून ठेवावी तसा एक उभा काटा. लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन लागलं की थोड्याच वेळात तो अस्वस्थ होतो. मिशा पुन्हापुन्हा पुसतो. मग पाय एकमेकांत अडकतात, चाल तिरकी होते, आणि तो पाठीवर पडतो. पाय इतके थरथरतात की नीट दिसतही नाहीत. हा किडा मेलेला नाही. त्याच्या तारांमधून अखंड करंट चाललाय.

ही तार कशी चालते ते समजायला आपल्या खाजन शेतीसारखं उदाहरण नाही. दिवाडी-चोडणला बांधात मानस, म्हणजे पाणी अडवायची दारं, असते ती आठवा. बाहेर खाडीचं खारं पाणी, आत शेत, मधे लाकडी दारं. मज्जातंतूतही असंच आहे, आणि गंमत म्हणजे तिथेही मामला मिठाचाच. तंतूच्या बाहेर सोडियम भरपूर, आत कमी. आतली बाजू बाहेरच्या मानानं साधारण ७० मिलिव्होल्टनं ऋण असते. संदेश आला की तंतूच्या भिंतीतली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, आणि एका सेकंदाच्या हजाराव्या भागात ती परत बंद होतात. पुढची दारं उघडतात, मग त्यांच्या पुढची. संदेश असा सरकत जातो. सगळी करामत वेळेवर बंद होण्यात आहे.

आता मानशीच्या दारात एक ओंडका अडकला अशी कल्पना करा. भरती आली, दार मिटत नाही, खारं पाणी शेतात शिरतंय. पायरेथ्रॉइड गटातली औषधं नेमकं हेच करतात. ती सोडियमच्या दाराला चिकटून त्याला मिटू देत नाहीत. तंतू एकदा संदेश पाठवून थांबायच्या ऐवजी पाठवतच राहतो. पाय थरथरतात ते त्यामुळे. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन या नव्या पिढीतल्यांच्या रेणूला सायनो नावाची एक शेपटी असते. त्यांनी धरलेलं दार तर इतका वेळ उघडं राहतं की शेवटी तंतू संदेश पाठवायचाच बंद होतो.

मग उठून चालतो तो कसा? कारण पाडणं वेगळं आणि मारणं वेगळं. पायरेथ्रॉइड पाडतं पटकन. पण किड्याच्या शरीरातही विष फोडणारी एन्झाइम असतात. मात्रा कमी पडली, किंवा त्याची एन्झाइम जास्त तरबेज असली, तर तासाभरात तो विष फोडून मोकळा होतो, ओंडका निघतो, दार मिटतं, किडा उठतो. झुरळावर फवारा मारून केरसुणी आणायला गेलात आणि परत येईपर्यंत झुरळ गायब, हा अनुभव घराघरांत आहे. घरगुती फवाऱ्यांत बहुधा याच गटाचं औषध असतं.

एक सूचना इथेच देतो, नंतर विसरेन. या गटाचं औषध थंडीत जास्त लागू पडतं. तापमान उतरलं की ते दार आणखी उशिरा मिटतं आणि किड्याची विष फोडायची गतीही मंदावते. डिसेंबर-जानेवारीत सत्तरीत सकाळी धुकं असतं, ते निवळून पानं कोरडी झाली की लगेच फवारा. ढेकण्याही सकाळ-संध्याकाळच जास्त हिंडतो. दुपारी साडेबाराला पंप पाठीवर घेणारे पाहिले की मला त्यांची आणि औषधाची, दोघांचीही कीव येते.

याच दारावर डीडीटीही काम करायचं. पॉल म्युलरनं १९३९ साली त्याचा कीटकनाशक गुण शोधला आणि १९४८ साली त्याला नोबेल मिळालं. थोड्याच वर्षांत माश्यांमध्ये एक बदल दिसला. सोडियमच्या दाराच्या घडणीत एका ठिकाणी ल्युसीन नावाच्या अमायनो आम्लाच्या जागी फेनिलअॅलनीन आलं की डीडीटीची पकड सैल होते. आणि तीच पकड सैल झाली की पायरेथ्रॉइडचीही होते. म्हणजे शेतातली पायरेथ्रॉइड अजून बाजारातही आली नव्हती तेव्हापासून काही किडे त्यांच्यासाठी अर्धे तयार होते. बाटली नवी, दार जुनं. तुमच्या तीन वर्षांची गोष्टही साधारण हीच आहे, पण तिथे पोचण्याआधी बाकीची दारं बघू.

तार संपते तिथे पुढच्या तारेला ती चिकटलेली नसते. मधे फट असते, मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी. करंट ही फट ओलांडत नाही. तिथे रसायनाचा निरोप जातो. ऑटो लोवी या शास्त्रज्ञानं १९२१ साली बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करून हे दाखवलं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. एका तारेनं ते फटीत सोडायचं, पलीकडच्या तारेवरच्या निरोप घेणाऱ्या रिसेप्टरला ते जाऊन लागायचं, रिसेप्टरचं दार उघडायचं, संदेश पलीकडे. आणि लगेच फट साफ करायला ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम हजर. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो निरोप फोडतो.

प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, मॅलॅथिऑन ही ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं रिसेप्टरला हातच लावत नाहीत. ती या झाडूवाल्यालाच धरतात. एन्झाइमच्या ज्या जागी निरोप फोडला जातो तिथेच फॉस्फेट जाऊन बसतं. फटीत निरोप साचत जातो आणि पलीकडचं दार वाजतच राहतं. कार्बारिल वगैरे कार्बामेट औषधंही तेच करतात, फक्त त्यांची पकड काही वेळानं आपोआप सुटते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं. हा झाडूवाला आपल्याही शरीरात आहे, आणि बराचसा तसाच आहे. किड्यात स्नायूंना हुकूम देणारं रसायन ग्लुटामेट असतं. ॲसिटिलकोलीन त्याच्या मेंदूत आणि पोटाकडून जाणाऱ्या मज्जारज्जूच्या गाठींत चालतं. आपल्याकडे मात्र श्वासाचे स्नायूसुद्धा ॲसिटिलकोलीनच्या हुकमावर हलतात. म्हणून ऑर्गॅनोफॉस्फेटची विषबाधा माणसाला इतकी जिवावर येते. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे जीव गेले ते आपण सगळ्यांनी वाचलंय.

मी स्वतः एकदा अशा विषबाधेच्या दारापर्यंत जाऊन आलोय. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती, सुपारीच्या एका कुळागरात प्रात्यक्षिक होतं. वारा उलटा फिरला, शर्ट भिजला, आणि "आता दोन झाडंच राहिलीत" म्हणून मी तसाच फवारत राहिलो. जेवणाच्या वेळेला तोंडाला सारखं पाणी सुटत होतं. मला वाटलं भूक लागलीय. मग घाम, पोटात मुरडा, आणि भर उन्हात सगळं अंधुक. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत टॉर्च मारली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. त्यांनी एकच विचारलं, "फवारलंत का?" आणि ॲट्रोपिन सुरू केलं. ॲट्रोपिन साचलेल्या निरोपाला काही रिसेप्टरांपाशी पोचू देत नाही. चूक सर्वस्वी माझी होती. असं काही झालं तर अंगावरचे कपडे आधी काढा, साबणानं अंग धुवा, १०८ला फोन करा आणि बाटली बरोबर न्या. बाटलीवरचं नाव वाचलं की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

पायरेथ्रॉइडचं आपल्याशी नातं वेगळं. फवारून आल्यावर गालाला, ओठांना चुणचुण होते, मुंग्या येतात, ते तुम्हाला माहीत असेल. पुष्कळजण त्याला ॲलर्जी समजतात. ते तुमच्याच त्वचेतल्या मज्जातंतूंच्या सोडियम दारांत अडकलेले ओंडके आहेत. बहुतेकदा दिवसभरात उतरतं. खोबरेल तेलानं बरं वाटतं. आपलं शरीर किड्यापेक्षा गरम असतं आणि आपलं यकृत ही औषधं झटपट फोडतं, म्हणून एवढ्यावर निभावतं. मासे मात्र या औषधांनी फार लवकर मरतात. तेव्हा पंप ओढ्यात धुवू नका.

आता खऱ्या अर्थानं रिसेप्टरवरची औषधं. आपले जुने लोक तंबाखूचा काढा करून मिरचीवर मारायचे. त्यातलं निकोटीन ॲसिटिलकोलीनच्याच रिसेप्टरमध्ये जाऊन बसतं, म्हणून त्या रिसेप्टरचं नावच निकोटिनिक पडलं. खोट्या चावीनं दार उघडायचं, आणि झाडूवाल्या एन्झाइमला ही चावी मोडता येत नाही. पण निकोटीनवर विद्युतभार असतो, त्यामुळे किड्याच्या आत ते नीट शिरत नाही, आणि माणसाला मात्र ते चांगलंच बाधतं. शास्त्रज्ञांनी मग उलटी चावी शोधली. इमिडाक्लोप्रिड १९९१ साली बाजारात आलं. त्याच्यावर भार नाही. त्याच्या टोकाला एक ऋण बाजूचा नायट्रो गट आहे, आणि किड्याच्या रिसेप्टरमध्ये नेमका तिथेच धन भाराचा अमायनो आम्लाचा तुकडा असतो. माणसाच्या रिसेप्टरमध्ये तो नाही. एवढ्याशा फरकावर हा अख्खा धंदा उभा आहे. थायोमेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड, डायनोटेफ्युरान ही याचीच भावंडं. या गटाला निओनिकोटिनॉइड म्हणतात.

पण मधमाशीही कीटकच. आणि तिच्या मेंदूचा जो भाग वाट आणि वास लक्षात ठेवतो, तिथे हे रिसेप्टर खच्चून भरलेले. इमिडाक्लोप्रिडचे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचे काही पट, तिला मारायला पुरतात. न मारणारी मात्राही निरुपद्रवी नसते. २०१२ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी मधमाश्यांच्या पाठीवर इवल्याशा चिपा चिकटवल्या, त्यांना थोडं थायोमेथोक्झाम पाजलं आणि लांब नेऊन सोडलं. बऱ्याच माश्या पोळ्यात परतल्याच नाहीत. २०१८ साली युरोपीय संघानं तीन निओनिकोटिनॉइडांचा उघड्या शेतातला वापर थांबवला तो अशाच पुराव्यांवर. ॲसिटामिप्रिडच्या टोकाला नायट्रोऐवजी सायनो गट आहे. मधमाशी ते तुलनेनं सहज फोडते, म्हणून ते त्या तिघांत नव्हतं. तरी मोहोर फुललेला असताना दिवसा काहीच फवारू नये, हे माझं मत मी बदललेलं नाही. काजूच्या फुलावर माशी आली नाही तर काजूगर कुठून येणार?

याच रिसेप्टरवर, पण वेगळ्या कोपऱ्यात, स्पिनोसॅड बसतं. त्याची जन्मकथा गोव्यातल्या माणसाला आवडावी अशी आहे. १९८२ साली कॅरिबियन बेटांवर सुट्टीला गेलेल्या एका शास्त्रज्ञानं रम गाळायच्या बंद पडलेल्या भट्टीतली माती पिशवीत भरून आणली. त्या मातीतल्या जिवाणूनं हे औषध दिलं. तेव्हापासून फेणीच्या जुन्या भट्टीजवळून जाताना माझी नजर मातीकडे जाते. मिरचीवरच्या फुलकिड्यांना ते चांगलं चालतं. ओलं असताना मात्र ते मधमाशीला मारतं, वाळल्यावर धोका बराच कमी होतो. म्हणून ते संध्याकाळी मारायचं.

आणखी एक चावी समुद्रातून आली. जपानी कोळी गळाला लावायला एक सागरी किडा वापरत. त्याच्या मेलेल्या अंगावर बसलेल्या माश्या लुळ्या पडतात हे त्यांना माहीत होतं. त्या विषावरून कारटॅप तयार झालं, भातातल्या खोडकिड्याला घालतात ते. ते त्याच रिसेप्टरचं दार उघडत नाही, बुजवतं. कारटॅप लागलेली अळी म्हणून तडफडत नाही, गप्प पडते.

आतापर्यंतची बहुतेक औषधं ॲक्सिलरेटर दाबणारी. काही ब्रेकवर काम करतात. मज्जासंस्थेत गाबा नावाचं रसायन क्लोराइडची दारं उघडून तंतूला शांत करतं. फिप्रोनिल ही दारं बुजवतं. ब्रेक गेला की झटके येतात. किड्याच्या गाबा रिसेप्टरला ते आपल्यापेक्षा कितीतरी घट्ट धरतं. घराच्या वाशांना लागलेल्या वाळवीसाठी ते वापरतात. पायरेथ्रॉइडचा वास लागला की वाळवी वाट बदलते, फिप्रोनिल मात्र तिला कळतच नाही. ती त्यातून चालत जाते आणि अंगावरून घरट्यात नेते.

एंडोसल्फानही याच ब्रेकवर काम करायचं. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या मळ्यांवर ते वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरनं फवारलं गेलं, आणि ज्याच्यासाठी फवारलं तो किडा म्हणजे तुमचा हाच ढेकण्या. तिथल्या गावांनी काय भोगलं ते देशानं पाहिलं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याच्यावर बंदी घातली. काजूवाल्यानं तरी हे विसरू नये.

ब्रेक कायमचा दाबून धरणारं औषध म्हणजे इमामेक्टिन बेन्झोएट. किड्यांत ग्लुटामेटनं उघडणारी क्लोराइडची दारं असतात, सस्तन प्राण्यांत ती नाहीतच. ती उघडीच राहिली की अळी सैल पडते, खाणं बंद होतं, आणि दोन-तीन दिवसांनी ती मरते. "औषध चाललं नाही, अळी तशीच आहे" म्हणून दुसऱ्याच दिवशी फोन येतात ते या औषधाचे. त्या अळीला काडीनं हलवून बघा, ती जागची हलत नाही. याचंच चुलत भावंड आयव्हरमेक्टिन. मूळ औषध देणारा जिवाणू जपानच्या सातोशी ओमुरांना मातीत सापडला, त्यासाठी २०१५चं नोबेल वाटून मिळालं. २०२१च्या मे महिन्यात गोवा सरकारनं १८ वर्षांवरच्या सगळ्यांना जे द्यायचं जाहीर केलं होतं तेच हे आयव्हरमेक्टिन. मला तेव्हा निदान पंचवीस जणांनी विचारलं असेल. मी म्हणायचो, जंत आणि गोचीड यांना मज्जातंतू असतात, विषाणूला नसतात.

बाकीचे गट भराभर सांगतो. पायमेट्रोझिन शरीराचा ताण ओळखणाऱ्या इंद्रियांवर बसतं. त्यानं भातावरचा तपकिरी तुडतुडा थेट मरत नाही, सुईसारखी सोंड बुंध्यात खुपसणं सोडतो आणि उपाशी मरतो. वायंगण (उन्हाळी) भातात पायरेथ्रॉइड मारून कोळी आणि मित्रकीटक संपवायचे आणि मग तुडतुडा भडकला म्हणून रडायचं, त्यापेक्षा हे बरं. इंडोक्साकार्ब सोडियमचं दार उघडं ठेवत नाही, बंद करून टाकतं, आणि त्याला विषारी बनवायचं काम किड्याचीच एन्झाइम करतात. क्लोरँट्रानिलिप्रोल मज्जातंतूवरचं नाहीच. ते स्नायूंतलं कॅल्शियम सोडतं, अळी आखडून बारीक होते.

आता तुमच्या बाटल्या. लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन: सोडियमचं दार. सायपरमेथ्रिन: सोडियमचं दार. मिश्रणातलं सायपरमेथ्रिन: पुन्हा तेच. फक्त त्यातलं प्रोफेनोफॉस वेगळं, ते झाडूवाल्याला धरतं. त्या मिश्रणामागे विचार आहे हे कबूल करायला हवं. पायरेथ्रॉइड फोडणारी काही एन्झाइम प्रोफेनोफॉसमुळे अडतात, त्यामुळे जोडी एकट्यापेक्षा जड पडते. पण तीन वर्षं तुम्ही एकाच दारावर धडका देत होता. ज्या थोड्या किड्यांचं दार वाकडं होतं किंवा ज्यांची एन्झाइम तगडी होती, तेच वाचले आणि त्यांचीच पोरं आज तुमच्या बागेत आहेत. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. त्यानं नाव बदलून दिलं, तुम्हीही नावच मागितलं होतं.

बाटलीवर घटकाचं नाव वाचा, ब्रँडचं नको. काही लेबलांवर हल्ली गटाचा क्रमांकही छापलेला असतो. पायरेथ्रॉइड ३ए, ऑर्गॅनोफॉस्फेट १बी, निओनिकोटिनॉइड ४ए, स्पिनोसॅड ५, इमामेक्टिन ६. त्रिकोणाचा लाल-पिवळा-निळा-हिरवा रंग विषारीपणा सांगतो, दार कुठलं ते सांगत नाही. हिरव्या त्रिकोणाची दोन औषधं एकाच दाराची असू शकतात.

पण थांबा. प्रतिकार आला असं म्हणण्याआधी मला खात्री करून घ्यायला आवडेल. आसाम आणि उत्तर बंगालच्या चहामळ्यांत या ढेकण्याच्या सख्ख्या भावानं अनेक औषधं पचवल्याची नोंद आहे, तेव्हा अशक्य काहीच नाही. तरीही मी बघितलेल्या दहापैकी सहा-सात बागांत भानगड वेगळीच निघाली. एक म्हणजे पंप. पाठीवरच्या १६ लिटरच्या पंपानं वीस फुटी काजूच्या शेंड्यावर औषध पोचत नाही, आणि ढेकण्या शेंड्याच्या पालवीवरच असतो. दुसरं म्हणजे अंडी. मादी ती कोवळ्या देठाच्या आत टोचते. भिंग घेऊन देठ बघा, प्रत्येक अंड्याचे केसासारखे दोन धागे बाहेर आलेले दिसतात. आतल्या अंड्याला वरचं औषध लागत नाही. आठवडाभरात त्यातून पिल्लं बाहेर येतात आणि तुम्हाला वाटतं औषध फुकट गेलं. तिसरं म्हणजे शेजारची सोडून दिलेली बाग. तिथून तो रोज संध्याकाळी पाहुणा येतो.

म्हणून श्रीखंडाचा डबा. दोन डबे करा, एकात नुसतं पाणी मारलेली पालवी, दुसऱ्यात लेबलवरच्या बरोब्बर मात्रेचं औषध. लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन ५ टक्के असेल तर १० लिटर पाण्याला ६ मिली. प्रत्येकात दहा-दहा किडे. एका तासानं पडलेले मोजा आणि चोवीस तासांनी मेलेले मोजा. तासाला नऊ पडले आणि दुसऱ्या दिवशी त्यातले पाच चालताहेत, तर एन्झाइम तगडी झालीत. तासाभरात पडलेच नाहीत, तर दारच बदललं असायची शक्यता जास्त. आणि दहाच्या दहा मेले, तर औषध निर्दोष आहे, तुमचा पंप किंवा वेळ चुकतेय. पाण्याच्या डब्यातलेही मेले तर डबा धुतला नव्हता.

यंदासाठी एवढं करा. पालवीची फवारणी झाली असेल तर मोहोर येताना ३ए गटाला हात लावू नका. काजूसाठी सध्या शिफारशीत असलेलं वेगळ्या गटाचं औषध कुठलं ते कृषी खात्याच्या वाळपईच्या विभागीय कार्यालयात विचारा आणि तेच घ्या. फुलं पूर्ण उमलायच्या आत, संध्याकाळी, शेंड्यापर्यंत पोचणाऱ्या, जास्त दाबाच्या एचटीपी पंपानं मारा. फळधारणेला गरज लागलीच तर तेव्हा पायरेथ्रॉइड एकदाच. शेवटच्या फवारणीनंतर लेबलवरचे प्रतीक्षेचे दिवस भरल्याशिवाय बोंडू भट्टीला देऊ नका. हुर्राक, म्हणजे बोंडूची पहिल्या धारेची दारू, पिणाऱ्याला बाटलीवर कुठलंच लेबल दिसत नाही.

आणि ज्या झाडावर हुमल्यांनी (तांबड्या मुंग्यांनी) पानं शिवून घरटं केलंय, ते झाड वगळा. काजू काढताना चावतात म्हणून आपण त्यांना शिव्या देतो, पण त्या झाडाची पालवी जवळून बघा, ढेकण्याचे काळे डाग तिथे कमीच दिसतील.